शेजारचं वचन

नवी मुंबईत पहाटे सगळ्यात आधी कोण उठतं? दूधवाला नाही आणि पेपरवालाही नाही. बाजार समितीत भाजीचे ट्रक रिकामे करणारे माथाडी कामगार रात्री झोपतच नाहीत, तेव्हा ते या स्पर्धेत धरायचे नाहीत. सगळ्यात आधी उठतात ते आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोजचं वचन टाकणारे काका. पावणेपाचला त्यांचं वचन येऊन पडतं. मागे धबधबा, पुढे गुलाब, कोपऱ्यात एक कबुतर, आणि एवढ्या निसर्गातून जागा काढून मधोमध शास्त्रवचन. अक्षरं पिवळी आणि त्यांच्या मागचा उगवता सूर्यही पिवळा, त्यामुळे वाचायला डोळ्यांपेक्षा विश्वास जास्त लागतो. पाच वाजता काकूंचं वचन येतं. काका-काकू एकाच घरात राहतात, पण वचनं वेगवेगळी पाठवतात. सव्वापाचपासून 'आमेन' सुरू होतात, ते दुपारच्या जेवणापर्यंत चालतात.

दिवसाचं पहिलं वचन कुणाचं, याची स्पर्धा आहे हे ग्रुपवर कुणी कबूल करणार नाही. पण एकदा एका भाऊंनी रात्री बारा वाजून एक मिनिटाने वचन टाकलं, तेव्हा हे नियमात बसतं का, हा प्रश्न थेट पाळकसाहेबांपर्यंत गेला. पाळकसाहेब सज्जन माणूस. ते म्हणाले, "उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. त्या हिशेबाने नवा दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो." वाद मिटावा म्हणून त्यांनी हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून उद्याची वचनं आदल्या संध्याकाळी साडेसहाला येऊ लागली.

बायबलमध्ये एकतीस हजारांहून जास्त वचनं आहेत. आमच्या ग्रुपवर त्यातली पाच-सहाच कामावर असतात, बाकीची कायम रजेवर. यिर्मया २९:११, फिलिप्पै ४:१३, रोम ८:२८, यशया ४०:३१ आणि मधूनमधून तेविसावं स्तोत्र. धीर द्यायला यांच्यासारखी वचनं नाहीत, यात शंका नाही. शिवाय त्यांचं एक बरं असतं. त्यांत सगळं काम देव करतो. योजना तो आखतो, बळ तो पुरवतो, शेवट तो गोड करतो. आपल्याकडे फक्त आमेन म्हणण्याचं काम. पण या प्रत्येक वचनाच्या शेजारी दुसरं एक वचन राहतं, आणि ते आपल्याला उठवून कामाला लावतं. म्हणून त्याच्या वाट्याला कधी गुलाब येत नाही.

यिर्मयाचंच घ्या. त्याच्या एकोणतिसाव्या अध्यायात एक पत्र आहे. यरुशलेमेहून बंदी करून बाबेलला नेलेल्या लोकांना त्याने ते पाठवलं. अकराव्या वचनात देव म्हणतो की तुमच्याबद्दल माझ्या मनात आहे ते भल्याचंच आहे. हे वाचून कुणाचंही मन भरून येईल. पण लगेच वरच्या, म्हणजे दहाव्या वचनात त्याने कालावधीही सांगून ठेवलाय: सत्तर वर्षं. हे दहावं वचन धबधब्यावर छापून पाठवणारा काका अजून जन्माला यायचाय.

खरं तर ते नवी मुंबईकराला सगळ्यात आधी कळायला हवं. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम सुरू झालं २०११ साली आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ला. अकरा किलोमीटर, अकरा स्थानकं आणि बारा वर्षं. विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली २००७ साली. 'विमानतळ पाच मिनिटांवर' ही जाहिरात वाचून ज्यांनी घरं घेतली, त्यांची मुलं दहावी-बारावी झाली, काहींची लग्नं झाली, आणि मग २५ डिसेंबर २०२५ला तिथून प्रवासी विमानं उडू लागली. तारीख नीट वाचा. नाताळ! आमच्या मंडळीत याला योगायोग म्हणायला कुणी तयार नाही.

पण यिर्मया लोकांना नुसतं वाट बघत बसायला सांगत नाही. त्याच पत्रात पाचव्या वचनापासून कामांची यादी आहे. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलाबाळांची लग्नं करा. आणि ज्या शहरात येऊन पडला आहात त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं बरं चाललं तरच तुमचं बरं चालेल. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा माहितीपुस्तकाला इतका तयार मजकूर दुसरीकडे मिळाला नसता. शेवटी इथे सगळे आलेलेच. आगरी-कोळी सोडले तर मूळचं कुणी नाही, आणि त्यांच्याच जमिनीवर आपण बागा लावल्यात. आमच्या मंडळीतली निम्मी घरं नगर-जालना-सोलापूरहून भायखळ्याला आणि भायखळ्याहून नेरूळला आली. पुढच्या बाकावर वसईचे, मागे केरळचे.

आता शहराच्या भल्याची प्रार्थना. आमच्या उपासनेत जगातल्या सर्व राष्ट्रांसाठी आणि त्यांच्या राज्यकर्त्यांसाठी दर रविवारी प्रार्थना होते. सी-विंगच्या पाण्याच्या टाकीसाठी होत नाही. मध्यपूर्वेतल्या शांततेसाठी गुडघे टेकणारा माणूस पार्किंगच्या जागेवरून शेजाऱ्याशी दीड वर्ष बोलत नाही. आमच्यातल्या एका मामांनी मात्र यिर्मया मनावर घेतला आणि ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले. गळती, लिफ्ट, मेन्टेनन्सची थकबाकी, गच्चीवर कुत्र्याला फिरवावं की नाही, सगळं त्यांच्या डोक्यावर. त्यांना आता यिर्मयापेक्षा सगळं गमावलेला ईयोब जास्त समजतो. पण टाकी दर सहा महिन्यांनी धुतली जाते, आणि त्या पाण्याने तीन धर्मांची डाळ शिजते. शहराचं भलं याहून वेगळं काय असतं?

रविवारची गोष्ट अशी. देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, आणि रेल्वेने त्याच्या दुसऱ्या दिवशी मेगाब्लॉक. हार्बर मार्गावर राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या विश्वासाची परीक्षा इथून सुरू होते. इतर सहा दिवस ऑफिसला नेणारी गाडी नेमकी देवाकडे जायच्या दिवशी नसते. खारघरहून येणारे बसने येतात, पनवेलहून येणारे साक्ष घेऊन येतात. "आज इथपर्यंत पोचलो हीच प्रभूची कृपा," असं ते उभं राहून सांगतात तेव्हा त्यात अलंकार नसतो.

पोचल्यावर दुसरी परीक्षा. जुन्या मुंबईतल्या मंडळींना दगडी देवळं आहेत, शंभर-दीडशे वर्षांची. आमच्याकडे भाड्याचा हॉल, तोही पाळीपाळीने. सकाळी मल्याळम, मग तमिळ, मग मराठी, दुपारनंतर हिंदी. तमिळ उपासना वेळेत संपत नाही, कारण त्यांच्यावर आत्मा उतरतो आणि आत्मा घड्याळ घालत नाही. आम्ही बाहेर पेटी, तबला आणि प्रभुभोजनाचं सामान घेऊन उभे. "हॉल सोडा" असं पवित्र आत्म्याला कोण सांगणार? मग आमची उपासना लांबते आणि हिंदीवाले बाहेर उभे राहतात, तेव्हा मात्र हाच आत्मा आम्हाला दिलासा देतो.

अशा रविवारी यशयाचं गरुडाच्या पंखांचं वचन हमखास निघतं. देवाची वाट पाहणारे नव्या जोमाने उंच उडतील, असं ते सांगतं. त्याच्या वरचंच, तिसावं वचन म्हणतं की तरुण पोरंसुद्धा थकतात, ठेचकाळतात, पडतात. हे यशयाने हार्बर लाइन न बघता लिहिलंय हे पटत नाही. आणखी गंमत पुढे आहे. एकतिसाव्या वचनात आधी उडणं आहे, मग धावणं, आणि सगळ्यात शेवटी चालणं. वाटतं, क्रम उलटा झाला. पण नवी मुंबईकराचा दिवस अगदी असाच उतरत जातो. सकाळी त्याला उडायचं असतं, स्टेशनवर धावायला लागतं, आणि रात्री घरी परतताना न कोलमडता चालता आलं तरी पुष्कळ होतं. अशा वेळी त्याला गरुडाचे पंख नको असतात. "सरका जरा, यांना बसू द्या," म्हणून कुणी चौथी सीट दिली तर तेवढ्याने त्याला नवा जोम येतो.

यानंतर 'प्रार्थना-विनंती' हा प्रकार. ज्यांना चहाड्या करायला आवडत नाही त्यांची यामुळे फार सोय झाली आहे. "हे मी चर्चा म्हणून नाही सांगत हं, प्रार्थनेसाठी सांगते," अशी सुरुवात झाली की घरप्रार्थनेला बसलेल्या सगळ्या बहिणी जवळ सरकतात. मग कुणाच्या सुनेचं माहेर, कुणाच्या मुलाची बंगळुरूची नोकरी आणि तिथली ती मुलगी, सगळं देवासमोर ठेवलं जातं. देवाला सविस्तर पत्ताही देतात. "प्रभू, सेक्टर अठरामध्ये, मार्केटच्या मागे, बी-विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या तुझ्या लेकराला तू ओळखतोसच." देव ओळखतोच. पण आता बाकीच्या चौदा जणीही ओळखतात.

आजाऱ्याला भेटायला जाणं हे आमच्याकडे फार मनापासून होतं. ज्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे त्याच्याकडे पाच जणांचं मंडळ जातं. आधी पाय कसा मोडला ते ऐकून घेतात, मग प्रत्येक जण आपापल्या नात्यातला मोडलेला पाय सांगतो. त्यातला एखादा शेवटी वाकडाच राहिलेला असतो. मग वचन, मग प्रार्थना. पाचही जण प्रार्थना करतात, आणि 'थोडक्यात' म्हणून सुरू झालेली प्रार्थना सृष्टीच्या निर्मितीपासून निघून मोशे, दावीद अशी स्टेशनं घेत पायापर्यंत येते. तोवर चहावर साय धरते, आणि आजारी माणूस डोळे मिटून झोपलेला असतो. त्याला प्रार्थनेचा गुण लगेच आला असं सगळे मानतात.

हे चालण्यासारखं आहे. चालण्यासारखं नाही ते रोम ८:२८चं. सगळ्या गोष्टी मिळून शेवटी भलंच होतं, असा त्याचा आशय. ज्याची नोकरी काल गेली, किंवा जिच्या घरातलं माणूस आज सकाळी गेलं, त्यांना दारातच हे वचन ऐकवणारी माणसं प्रत्येक मंडळीत असतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. फक्त घाई असते. रोमकरांना लिहिलेल्या याच पत्रात दोनच वचनं वर, सव्विसाव्यात, पौल कबूल करतो की काय प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही आणि शब्दच फुटत नाहीत अशी वेळ येते. पौलाला शब्द सुचत नाहीत, आमच्या भाऊंना सुचतात.

ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, यांच्यावर आजवर पुष्कळ टीका झाली. पण त्यांनी सुरुवात उत्तम केली होती. मित्राचं सगळं गेलेलं बघून ते रडले, आणि सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही. आठवड्याचं ते काम तिथेच संपवून ते घरी गेले असते तर आज त्यांच्या नावाने सांत्वन-समित्या निघाल्या असत्या. पण त्यांनी तोंड उघडलं आणि पुढचे तीसेक अध्याय लागले. शेवटी देवाने त्यांनाच झापलं. आमच्या भेटमंडळासाठी मी सुचवून ठेवलंय की सात दिवस जमणार नाहीत हे मान्य, निदान सात मिनिटं गप्प बसावं. ठराव विचाराधीन आहे.

डिसेंबर आला की धीर द्यायला घरोघर जाण्याची अधिकृत संधी मिळते. नाताळची गाणी म्हणत फिरणारा आमचा जथा पूर्वी चाळीत शिरायचा तेव्हा कुणी अडवत नसे. आता प्रत्येक सोसायटीच्या फाटकावर अ‍ॅप आहे. वीस माणसं, पेटी, तबला, दोन गिटार, आणि उशी बांधून घामाघूम झालेला सांताक्लॉज एवढ्यांना बघून वॉचमनदादा फोन हातात घेतो. "किसके घर जाना है?" "सगळ्यांच्या." "फ्लॅट नंबर बोलो." अ‍ॅपमध्ये पाहुणा, कॅब, दुरुस्ती आणि डिलिव्हरी एवढेच पर्याय. देवदूतांनी मेंढपाळांना बातमी दिली ती उघड्या माळावर दिली म्हणून बरं. सोसायटी असती तर तारणाराचा जन्म 'मंजुरी प्रलंबित' राहिला असता. आमच्यातल्या एका कॉलेजकुमाराने शेवटी 'डिलिव्हरी' दाबलं, आणि शुभवर्तमान आत शिरलं. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर असल्याचा निर्वाळा पाळकसाहेबांनी दिला.

आत गेल्यावर ज्या घरांत जायचं ठरलेलं असतं ती दारं उघडतातच, पण न ठरलेलीही उघडतात. तिसऱ्या मजल्यावरच्या, एकट्या राहणाऱ्या एका आजींनी "आमच्याकडे नाही का म्हणणार?" असं विचारलं. त्या रोज ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या. आम्ही रेव्हरंड टिळकांचं एक भजन म्हटलं. चाल त्यांच्या ओळखीची निघाली आणि त्यांनी टाळ आणले. त्या मजल्यावर आम्ही अर्धा तास अडकलो आणि पुढच्या चार इमारतींचा कार्यक्रम कोसळला.

आमचा नाताळचा फराळ हाही गैरसमजांचा विषय. करंज्या, शंकरपाळी, चकली, लाडू. केकच्या आशेवर असलेले शेजारी डबा उघडून विचारतात, "दिवाळीचं उरलंय का?" नाही हो, ताजं आहे. नगरच्या आजीने केलं, आईने केलं, म्हणून आम्हीही करतो. तो डबा परत येतो तेव्हा रिकामा येत नाही, संक्रांतीचे तिळगूळ घेऊन येतो. मग होळीची पुरणपोळी, ईदची खीर. त्या स्टीलच्या डब्याने आजवर जितक्या धर्मांच्या घरी मुक्काम केलाय तितका एखाद्या मिशनऱ्यानेही केला नसेल.

डब्यावरून फिलिप्पै आठवलं. चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन म्हणजे ख्रिस्ताच्या बळावर माणूस कशालाही तोंड देऊ शकतो, असा पौलाचा अनुभव. हे वचन आमच्या मंडळीतल्या पोरांच्या गाड्यांवर मागच्या काचेवर चिकटवलेलं असतं, आणि पाम बीच रोडवर ते आपल्याला फार थोडा वेळ दिसतं, कारण गाडी पुढे निघून गेलेली असते. वेगमर्यादा या वचनातून वगळलेली आहे हे पोरांना कुणीतरी सांगायला हवं. पौलाने ते लिहिलं तेव्हा तो गाडीत नव्हता, कैदेत होता. पोटभर जेवणं आणि उपाशी राहणं दोन्ही जमतं, या संदर्भात तो ते बोलला. आणि चौदाव्या वचनात तो लगेच म्हणतो की तरीही माझ्या अडचणीत तुम्ही वाटा उचललात हे फार चांगलं केलंत. फिलिप्पैच्या लोकांनी त्याला एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर सामान पाठवलं होतं. बिचारा सामान पोचवायच्या कामात आजारी पडून मरता मरता वाचला. सगळं बळ ख्रिस्ताकडून येतं हे ठासून सांगणारा पौल त्या सामानाची पोच आवर्जून देतो. तेरावं वचन काचेवर चिकटवणाऱ्याने चौदावं निदान डिकीत ठेवावं.

आमच्याकडे चौदावं वचन वर्षातून एकदा धूमधडाक्यात पाळलं जातं, ते कापणीच्या सणाला. गावाकडे शेतकरी हंगामाचं पहिलं धान्य, भाजी, फळं देवापुढे आणतात आणि मग त्यांचा लिलाव होतो. नवी मुंबईत कुणाचं शेत? आमची कापणी तुर्भ्याच्या घाऊक बाजारात होते. काही जणी गॅलरीतल्या कुंडीतली मिरची आणतात, त्या मिरचीला मान जास्त. एका वर्षी एका काकांनी गावाहून जिवंत कोंबडा आणून व्यासपीठाजवळ बांधला. पाळकसाहेब उपदेशात पेत्राने तीनदा येशूला नाकारल्याच्या प्रसंगावर आले, आणि कोंबडा आरवला. अख्ख्या मंडळीत त्या दिवशी जेवढा पश्चात्ताप झाला तेवढा लेंताच्या चाळीस दिवसांच्या उपासातही होत नाही.

लिलाव हे खरं बघण्यासारखं दृश्य. एरवी वाशीच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी मावशी इथे एका अंड्याला पाचशे रुपये बोलते. कुणी पाचशे दहा म्हटलं तर चिडते. ज्याला दुधीभोपळा मिळतो तो पैसे भरून भोपळा परत देतो, "पुन्हा बोली लावा" म्हणतो. एका दुधीने चार वेळा स्वतःला विकून घेतलेलं मी पाहिलंय. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत पाच हजार कसे जेवले, हे कोडं ज्याला पडतं त्याने हा लिलाव एकदा बघावा. जमलेले पैसे कुणाच्या डायलिसिसला, कुणाच्या कॉलेजच्या फीला जातात. कुणाच्या, ते जाहीर होत नाही. प्रार्थना-विनंतीत बी-विंगपर्यंत पत्ता देणाऱ्या त्याच बहिणी इथे तोंडातून नाव काढत नाहीत. चमत्कार म्हणायचाच तर हा म्हणावा.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे शेजारचं वचन नवं नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' १९३४पासून छापून येऊ लागलं, तेव्हापासून ते आपल्या कपाटात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कविता लिहिल्या, भजनं लिहिली. मराठी उपासना आजही त्यांवर चालते. पण या कवीच्या खिशात पैसा टिकत नसे, आणि घरी माणसं आणण्याला त्यांनी कधी मर्यादा ठेवली नाही. ती जेवणार काय, हा प्रश्न लक्ष्मीबाईंकडे. दुष्काळातली अनाथ मुलं त्यांनी घरात वाढवली. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याच घरी राहिले. धीर कसा द्यावा यावर लक्ष्मीबाईंनी प्रवचन केलं नाही, आणखी एक पान वाढलं, आणि नंतर ते सगळं हसत हसत लिहून ठेवलं.

पंडिता रमाबाईंचंही तेच. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बाया आणून केडगावला सांभाळल्या. बायबलचं हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर त्यांनी या सगळ्या रगाड्यात केलं. १९२२ साली त्या गेल्या, आणि ते संपूर्ण बायबल त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडलं. म्हणजे त्यांनी आधी शिजवलं आणि मग छापलं. आपण पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर आलोत.

शास्त्रातही जेवणच आधी आहे. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून रतामाच्या झुडपाखाली जाऊन पडला आणि देवाला म्हणाला, आता मरण दे. देवदूत आला, पण वचन घेऊन आला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं घेऊन आला. एलीया जेवला, पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून पुन्हा जेवायला घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर कितीतरी पुढे. याईराची मुलगी मेलेली उठली तेव्हा येशूने पहिली सूचना केली ती तिला काहीतरी खायला द्या ही. आणि पुनरुत्थानानंतर, जेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखं जगात कुणाहीपेक्षा जास्त होतं, तेव्हा तो तलावाकाठी मासे भाजून शिष्यांची वाट बघत होता. याकोबाने तर आपल्या पत्रात साफ विचारलंय: उघड्या, उपाशी माणसाला काही न देता नुसतं "ऊब घे, पोटभर जेव" म्हणून वाटेला लावलं तर त्याचा उपयोग काय? याकोबाकडे मोबाइल नव्हता, पण फॉरवर्ड म्हणजे काय हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

तेव्हा वचनं पाठवणाऱ्या सर्व काका-काकूंना नम्र विनंती. वचन जरूर पाठवा. अंधाऱ्या दिवसात एखादं वचन खरंच माणसाला तारून नेतं, हे मीही जाणते. पण पाठवण्याआधी त्याच्या वरचं एक आणि खालचं एक वाचा. तिथे आपल्यासाठी काही काम सांगितलं असेल तर ते आधी उरका, आणि मग आमेन म्हणा. मोहरीएवढ्या विश्वासाने डोंगर हलतो म्हणतात. इथे त्याचीही गरज नाही, विमानतळासाठी उलव्याची टेकडी आधीच हलवून झाली आहे. आपल्याला फक्त दोन मजले चढून शेजाऱ्याची बेल वाजवायची आहे, आणि त्यासाठी लिफ्टसुद्धा आहे.